जेट एज, मुक्काम हळर्ण

१ जून २०२२, बुधवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. आमच्या घरात बोलणं कोकणीत, भांडण त्याहून कोकणीत, अर्ज इंग्रजीत आणि लिहिणं मराठीत, असा पूर्वापार रिवाज आहे. तेव्हा मराठीत. कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे, पुढेमागे म्युझियमला उपयोग होईल.

संकल्प : मोपाचा विमानतळ सुरू होण्याआधी 'जेट एज म्युझियम, हळर्ण' सुरू करणे.

मी डिचोलीला खाणीवर टाईमकीपर होतो. भोंगा माझ्या हातात. मी बटण दाबल्याशिवाय अख्ख्या खाणीला भूक लागत नसे. खाण बंद पडली, मी हळर्णला घरी येऊन बसलो आणि सगळ्यांना वाटलं, गोकुळदास संपला. पण वेळेच्या लाईनमधला माणूस असा संपत नाही. मी पायलटच्या घड्याळांत शिरलो. घड्याळावरून पायलट, पायलटवरून विमान कंपन्या, त्यांच्या बॅगा, ॲशट्रे, पत्त्यांचे कॅट, टाइमटेबलं. सगळं जेट विमानं नवी नवी होती त्या काळातलं. तेव्हा लोक सूट घालून विमानात बसत. आता हाफ पँटमध्ये बसतात म्हणे.

म्हणे, कारण मी स्वतः अजून विमानात बसलेलो नाही. ही एक तांत्रिक बाब आहे. देवळातल्या भटाला तरी देव कुठे भेटलेला असतो?

म्युझियम माडीवरच्या खोलीत. गौरवी लग्न होऊन बेंगळुरूला गेल्यापासून तिची खोली नुसती पडून होती.

९ जून, गुरुवार.

मोठा दिवस. चोपड्याच्या पुलाजवळ एक म्हातारा गोरा घर सोडून मायदेशी चालला होता, सामान विकत होता. त्याच्याकडून पायलट वॉच घेतलं. काळी तबकडी, चार काटे, बाजूला तीन बटणं. चौथा काटा दुसऱ्या देशाची वेळ दाखवण्यासाठी. गोरा म्हणाला की तो स्वतः पायलट होता आणि हे घड्याळ घालून त्याने महासागर ओलांडले आहेत. डोळ्यांवर काळा चष्मा होता, उभं राहायची ढबही तशीच होती. माणूस मी ओळखतो.

किंमत इथे लिहीत नाही.

विनोदिनीने घड्याळ हातात घेतलं आणि हलकं लागतं म्हणाली. तिला समजावलं की विमानात वजनाला फार महत्त्व असतं.

मागचं झाकण उघडून मशीन बघायचं मनात आलं होतं, पण सील तुटलं की व्हॅल्यू गेली. कलेक्टरचा पहिला नियम : उघडू नये. दुसरा नियम : वापरू नये. न वापरलेल्या वस्तूला जी किंमत असते ती वापरलेलीला नसते. याला मिंट कंडिशन म्हणतात.

१९ जून, रविवार.

शेजारचा पांडुरंग आला. हा कुवेतला कुक होता, आयुष्यभर येऊन-जाऊन. विमानात इतका बसलाय की त्याला त्याचं काहीच वाटत नाही. अशा माणसाशी बोलून उपयोग नसतो. तरी त्याच्याकडे विमानातला एक स्टीलचा चमचा आहे, खाली कंपनीची मोहर असलेला, तो मी मागितला. तर म्हणाला, "गोकुळदासा, ती कुलेर मी खिशात घालून आणलंय, चोरीचो माल तो. तो तू म्युझियमात लावतंस?"

मी म्हटलं, इंग्रजांच्या म्युझियमात दुसरं काय आहे?

कुलेर मिळाली. पण ती त्याच्या बायकोने लोणच्याच्या बरणीत ठेवली होती. मोहर अर्धी गेलेली. म्हणजे फार तर 'फेअर कंडिशन'. माणसं आपल्या हाताने इतिहास लोणच्यात घालतात.

जाताना पांडुरंगाने सहज विचारल्यासारखं विचारलं की एवढं सगळं करतोस तर एकदा विमानात बसून का येत नाहीस. मी सांगितलं की मोपा सुरू झालं की तिथूनच, पहिल्या दिवशीच. आपल्या तालुक्यात विमानतळ होत असताना दाबोळीच्या जुन्या विमानतळावर कशाला जायचं? तो हसला आणि त्याने जत्रेतल्या पाळण्याची गोष्ट काढली. लग्नाच्या वर्षी मी पाळणा मध्येच थांबवायला लावला होता, ती. त्या पाळण्याचा नटबोल्ट सैल दिसत होता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

४ जुलै, सोमवार. संध्याकाळी.

गौरवीचा फोन. दिवस गेलेत. डिसेंबरात बाळंत होणार.

विनोदिनी फोन ठेवून रडली, मग देवाला साखर ठेवली, मग परत रडली. मलाही भरून आलं. खोटं कशाला लिहू, मी माडीवर जाऊन थोडा वेळ बसलो. याच खोलीत ती पाढे म्हणायची, माझ्या भोंग्याच्या वेळेवर उठायची.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात विचारायचं काही नाही, आमच्याकडे तसंच असतं. विनोदिनी म्हणाली, "सातव्यात आणूया तिका. खोली तेवढी मोकळी करा." मी लगेच हो म्हटलं.

संकल्प : गणेशचवथीआधी खोली रिकामी.

१८ जुलै.

पाऊस. बॅगांना बुरशी. टाइमटेबलं फुगली. अशा हवेत जुनी वस्तू जागची हलवली तर खलास. कुठल्याही तज्ज्ञाला विचारा. ऊन पडेपर्यंत थांबणं भाग आहे.

२४ ऑगस्ट, बुधवार.

चवथीची साफसफाई. घरात तांबं-पितळ म्हणून जे असेल ते आमसुलं लावून घासायचा दिवस. मी शेतावर गेलो होतो. परत येऊन बघतो तर समई, तांब्या, घंगाळ यांच्या रांगेत माझ्या म्युझियममधला पायलटचा पितळी बिल्ला उन्हात वाळत ठेवलेला! लखलखीत. साठ वर्षांची काळपट पुटं गेली. या पुटांनाच तर कलेक्टर लोक पैसे मोजतात.

विनोदिनी खूश होती. म्हणाली, "बघा, कसो सोन्यासारखो दिसता. तुमका एवढे दिवस जमाक नाय."

बिल्ल्यावरचे पंख दोन्ही बाजूंनी पुसट झाले आहेत. आता तो शाळेच्या मॉनिटरचा वाटतो.

खोलीचं काम चवथ झाल्यावर.

१ सप्टेंबर, गुरुवार.

काल चवथ. गौरवी आणि जावई साईश परवा आले. गौरवीचं पोट दिसायला लागलंय. चालताना हात कमरेवर ठेवते, अगदी तिच्या आईसारखी. माझ्या लेकीला असं चालताना बघून मला फार बरं वाटलं आणि उगाचच थोडी भीतीही वाटली.

ती आल्या आल्या माडीवर गेली. दारात उभी राहिली. मी सगळं दाखवलं. पॅन अ‍ॅमची निळी बॅग (कोरी, एकदाही न वापरलेली, म्युझियमचा मुकुटमणी), पोर्तुगीज काळात दाबोळीवरून उडणाऱ्या विमान कंपनीचा ॲशट्रे, घड्याळांची रांग. सहा घड्याळं, सहा वेगळ्या वेळा. तिने विचारलं तेव्हा सांगितलं की एक लंडनची वेळ दाखवतं, एक कराचीची, एक लिस्बनची. खरं म्हणजे ती दाखवतात ती त्यांची त्यांची वेळ, पण जगात कुठेतरी ती वाजलेली असतेच.

ती म्हणाली, "बाबा, माझा मेज खय गेला?"

मेज तिथेच होतं. त्यावर काचेची पेटी आहे एवढंच.

रात्री ती खाली आईजवळ चटईवर झोपली. जावई ओसरीवर. मी दोघांनाही विमानातल्या डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या दिल्या. साईशने बांधली. गौरवीने उशाखाली ठेवली.

६ सप्टेंबर.

दोघं गेली. साईशने दाबोळीपर्यंत चला म्हणून आग्रह केला. माझ्या पाठीत उसण भरली होती. विनोदिनी गेली. परत येऊन म्हणाली की गौरवी गाडीत गप्प होती. प्रवासाचा शीण.

ऑक्टोबरात तिला आणायचं ठरलंय. साईशच आणून सोडेल म्हणतो. खोली तेवढी.

५ ऑक्टोबर, दसरा.

काल खंडेनवमीला कोयता, कुदळ, पुस्तकं आणि सगळी घड्याळं पूजेला लावली. विनोदिनीने प्रत्येक काचेवर कुंकवाचं बोट लावलं. आता पूजेला लावलेली वस्तू लगेच उचलून पोत्यात भरणं बरं दिसत नाही. काही दिवस जाऊ द्यावेत.

विनोदिनी आज जुन्या सुती साड्या काढून बसली होती, फाडून त्यांची लंगोटं आणि दुपटी शिवते आहे. मशीनचा आवाज दिवसभर.

संकल्प : दिवाळीआधी. हा शेवटचा.

१६ ऑक्टोबर, रविवार.

शेवटी गावाला किंमत कळली!

वाड्यावरचा अक्षय आणि त्याची मंडळी आली. दिवाळीच्या पहाटे नरकासूर जाळायचा, त्याचा पुतळा दरवर्षी हीच मंडळी करतात. अक्षय म्हणाला, "काका, यंदा आमचो नरकासूर पायलट. मोपाचा विमानतळ होता मां, म्हणान. तुमची टोपी आनि कोट दिशात? हातात घड्याळ पण व्हया, अस्सल." अस्सल हा शब्द त्याने वापरला. मी नाही.

म्युझियममधला पायलटचा कोट आणि टोपी दिली. घड्याळ चोपड्याच्या गोऱ्याचं दिलं, कारण लांबून उठून दिसायला तेच हवं. अट घातली की पेटवण्याआधी तिन्ही वस्तू उतरवायच्या. तेही म्हणाले, हो तर. शिवाय मी स्वतः चारला उठून जाणार आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना उठवलंय.

खोलीतलं एक घड्याळ कमी झालं. म्हणजे खोली रिकामी व्हायला सुरुवात झाली असं विनोदिनीला सांगितलं.

२४ ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी.

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

उठण्यासाठी म्युझियममधलं प्रवासी अलार्म घड्याळ उशाशी लावलं होतं. जर्मन मेक, लेदरची पेटी. ते वाजलं. पण सहाला. त्याच्या हिशेबाने चारच झाले असावेत.

पळत गेलो. नरकासूर पेटलेला. टोपी गेली, कोटाची एक बाही तेवढी शिल्लक, तीही माझ्यादेखत गेली. अक्षय डोक्याला हात लावून उभा. म्हणाला की पहाटे स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, त्या आनंदात सगळेच विसरले. पेटल्यावर आठवलं. मला माफ करा म्हणाला. पोरगा वाईट नाही.

मी म्हटलं, कापड जाऊ दे, घड्याळ स्टीलचं आहे. राख निवली की मिळेल.

राख निवली. मिळालं. काळ्या गुळाच्या ढेपेसारखं काहीतरी, त्यात एक काटा चिकटलेला. पांडुरंगाने काटकीने उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "गोकुळदासा, ह्या प्लॅस्टिक मरे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन विचार केला. जेट विमानांत वजन कमी ठेवण्यासाठी काही खास मटेरियल वापरत असले पाहिजेत. साधं प्लॅस्टिक इतक्या सहज ओळखू येतं होय.

कारीट फोडलं, आंघोळ केली, पोहे खाल्ले. गोड लागले नाहीत.

२ नोव्हेंबर, बुधवार.

गौरवीचा फोन. डॉक्टरांनी आता प्रवास करू नका सांगितलंय. बाळंतपण तिकडेच.

मी विनोदिनीला म्हटलं, बघ, डॉक्टरच नको म्हणतात. आपण खोली केली असती तरी उपयोग नव्हता. ती म्हणाली, "सप्टेंबरात काय डॉक्टर नको म्हणत नव्हते." एवढंच बोलून भाताखालचा जाळ सारायला गेली. आमच्याकडे गॅस आहे. चूल ती चिडली की पेटवते.

संध्याकाळी तिने बॅग भरायला घेतली. लंगोटं, दुपटी, टोपरी, बाळंतविडा, ओवा, सुंठ. बॅग कुठली? पॅन अ‍ॅमची निळी! कोरी! मी तोंड उघडलं, पण तिने माझ्याकडे असं बघितलं की परत मिटलं. चेन पहिल्यांदाच ओढली गेली. अजून मऊ आहे, त्या काळचं काम.

७ नोव्हेंबर, सोमवार.

विनोदिनीचा बेत असा की पुढच्या आठवड्यात ट्रेनने जायचं. दाबोळीहून विमानानेही तयार आहे. पांडुरंग सोडायला येतो म्हणतो. दोन महिने गौरवीजवळ राहणार.

मी शांतपणे समजावलं. मोपा आता उघडणारच. एवढा विमानतळ दारात होत असताना आपण चोरासारखं दुसरीकडून का जायचं? आणि ती एकटी का? मी स्वतः येतो. आपण दोघं, मोपावरून, पहिल्या विमानांपैकी एकाने. नातवंडाला सांगायला होईल.

तिने विचारलं, "तुमी येशात? खरां?"

मी म्हटलं, देवाशपथ.

ती थांबायला तयार झाली. तिला विमानाची भीती वाटत असणार, सोबत हवी असणार. बायकांचं असंच असतं.

११ डिसेंबर, रविवार.

मोपाचं उद्घाटन. टीव्हीवर पाहिलं. विमानं जानेवारीपासून. तिकिटं काढली, सात जानेवारीची. साईशने त्याच्या मोबाईलवर काढून दिली. मला खिडकीची सीट हवी असं आवर्जून सांगितलं. अभ्यासकाला खिडकी लागते.

बाळंतपण वीसच्या पुढे म्हणतात. जरा मागेपुढे झालं तरी फार उशीर नाही होणार.

१८ डिसेंबर, रविवार.

मुलगी झाली. दोघी ठीक.

पहाटे साईशचा फोन आला तेव्हा विनोदिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली ती ऊन वर येईपर्यंत तिथेच. निळी बॅग शेजारी. मी चहा करून दिला. म्हणाली, माझ्या आईने माझ्या वेळी गौरवीला पहिली आंघोळ घातली होती. कोणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. तिथे मी एकटाच होतो.

तिकडे आंघोळ घालायला कोणीतरी बाई ठेवलीय म्हणे. मराठी आहे. चांगली असेल.

मी साईशला जन्माची अचूक वेळ विचारली. म्हणाला, चारच्या आसपास. आसपास! मी तिथे असतो तर मिनिटासकट लिहून ठेवली असती.

२ जानेवारी २०२३, सोमवार.

बारसं आमच्यासाठी थांबवलंय. रविवारी, आठ तारखेला. गौरवी फोनवर म्हणाली, "बाबा, तुमी येयसर नाव ठेवूचा नाय." हे ऐकून मी बाहेर गेलो आणि विहिरीवरचा पंप उगीच चालू करून बंद केला.

यावेळी काही राहायला नको. तयारी अशी : नवा शर्ट. दोन्ही हातांत मिळून तीन घड्याळं (एक आपली वेळ, एक लिस्बन, एक राखीव). कानात घालायला कापूस. लिंबू. आल्याची वडी. खुर्चीत बसून पट्टा बांधून बघितला, म्हणजे विनोदिनीच्या साडीची किनार. दहा मिनिटं बसलो. काहीही झालं नाही. उगाच बाऊ करतात लोक.

५ जानेवारी.

आजपासून मोपावर विमानं. एक घरावरून गेलं. मी अंगणात होतो. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा आहे.

पांडुरंग म्हणाला, "हात दाखव मरे." मी दाखवला नाही. हातात कोयता होता.

६ जानेवारी, शुक्रवार.

झोप नाही. जेवण नाही. पित्त.

विनोदिनी म्हणाली, बरं नसेल तर सांगा. मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे?

७ जानेवारी, शनिवार. दुपारी, घरी.

घरी आहे.

क्रमाने लिहितो. पांडुरंगाने सोडलं. विमानतळ भव्य. मी विनोदिनीला सगळं समजावून देत होतो, हे चेक-इन, हे अमुक. काउंटरवरच्या मुलीने दोन बोर्डिंग पास दिले. माझा मी हातात धरला. अजून गरम होता.

मग सिक्युरिटी. तिथे बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. विनोदिनी निळी बॅग घेऊन तिकडे गेली. पडद्याच्या आत जाण्याआधी वळून म्हणाली, "भायर भेटूया, पलीकडे." मी मान हलवली.

माझा नंबर आला तेव्हा शिपाई म्हणाला, घड्याळं काढून ट्रेमध्ये ठेवा. तीन घड्याळं. एकाचा पट्टा जुना, घाईने काढला तर तुटतो. मागे एक गृहस्थ घाईत होते, त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्यांच्या मागे एक लहान मूल घेतलेला बाप होता, त्यालाही पुढे जाऊ दिलं. मग एक म्हातारे. मग तरुण मंडळी, त्यांना काय, त्यांचं आयुष्य पडलंय, पण शिष्टाचार म्हणून एक गोष्ट असते. मी बाजूला सरकून उभा राहिलो आणि लोकांना वाट देत राहिलो. सगळ्यांनी थँक्यू म्हटलं. असा सुसंस्कृत विमानतळ मी पाहिला नाही.

वेळ होता. डाव्या हातातल्या घड्याळाप्रमाणे भरपूर होता. ते लिस्बनचं निघालं.

मग कंपनीची एक मुलगी हातात वॉकीटॉकी घेऊन माझं नाव पुकारत आली. आंतरराष्ट्रीय विमानतळावर माझं नाव! ती 'मिस्टर गोकुळ, मिस्टर दास' असं ओरडत होती. जणू आम्ही दोघं आहोत. आता कोण बरोबर, कोण चूक, भर विमानतळावर तिला कशाला सांगत बसायचं. मी काचेतून बाहेर बघत राहिलो. ती माझ्या पाठीमागून दोनदा गेली.

काचेबाहेर विमान उभं होतं. शिडी नव्हती, एक बोगदा लावलेला असतो. त्याचं दार बंद झालेलं मला तिथून दिसलं. किंवा दिसलं नसेल, पण कळलं.

आल्याची वडी तोंडात टाकली. हे पित्तामुळे.

बाहेर सोडण्याआधी दरवाजावरच्या जवानाने वहीत नाव लिहून घेतलं आणि कारण विचारलं. मी तब्येत सांगितली. तो म्हणाला, होता है अंकल. मला त्याचा राग आला.

पांडुरंग गाडी घेऊन तिथेच पार्किंगमध्ये उभा होता. गेलाच नव्हता. विचारलं, का थांबलास? म्हणाला, "तुझ्या बायलेन सांगलान, विमान जायसर थांबा म्हणान." वाटेत पेडण्याला थांबून त्याने चहा घेतला, मला उंडो पाव घेऊन दिला. मी खाल्ला. भूक लागली होती.

८ जानेवारी, रविवार. बारशानंतर.

व्हिडिओ कॉल झाला. साईशने मोबाईल पाळण्यावर धरला. बाळाचं नाक आमच्याकडचं. गौरवीने माझ्याकडे बघून हात केला. मग तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं. इथे ऐकू आलं नाही. नेमकी रेंज गेली.

मग विनोदिनीचा वेगळा फोन आला. मी तयारी करून ठेवली होती, पित्त, पट्टा, ती मुलगी, सगळं. तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली की खिडकीकडची जागा रिकामी राहिली म्हणून तीच बसली. वरून नदी दिसली. हळर्णचा किल्ला शोधला पण कळला नाही. निळी बॅग मांडीवर घेऊन बसू देत नव्हते, पायाखाली ठेवली. बाळाची आंघोळ आजपासून ती घालणार. महिनाभर राहणार, कदाचित जास्त. आणि फोन ठेवताना म्हणाली, "भियासारखा कायच नव्हता हो. पुढच्या वेळार मी तुमचो हात धरीन."

म्हणजे तिला ठाऊक होतं. जत्रेपासून ठाऊक होतं. मी तिला इतकी वर्षं सोबत करत होतो असं समजत होतो.

घर फार शांत आहे. वर जाऊन खोली आवरायला घेतली. घड्याळं पोत्यात भरली, ॲशट्रे, पत्ते, कुलेर, सगळं. गौरवीचं मेज पुसलं. रिकामं छान दिसतं.

त्यावर फक्त एक वस्तू ठेवली आहे. ही एवढीच अस्सल आहे याबद्दल कोणी शंका घेणार नाही. लेबल लिहून लावलं :

बोर्डिंग पास, मोपा ते बेंगळुरू. सीट खिडकीची. कंडिशन : मिंट. न वापरलेला.